मांडीवरचा कीबोर्ड

निवृत्तीनंतर कोणी देवाकडे वळतं, कोणी शेताकडे. आमचे हे एका बेटाकडे वळले.

बेट संगणकात होतं. तिथल्या झाडांचा हिरवा मी कोणत्याही पानावर पाहिलेला नाही, आणि तिथल्या समुद्राला क्षितिज नव्हतं, नुसती कड होती. त्या बेटावर तीन माणसांचं एक पथक आणि समोर तीन माणसांचं दुसरं. दोन्ही छावण्यांत एकेक झेंडा. समोरच्यांचा झेंडा पळवून आपल्या छावणीत आणायचा, वाटेत भेटेल त्याला गोळी घालायची, आणि आपल्याला गोळी लागली तर थोडा वेळ करड्या पडद्याकडे बघत बसून पुन्हा जिवंत व्हायचं. एवढाच आशय. इतक्या तुटपुंज्या आशयावर माणसं इतका काळ कशी रमतात, हा प्रश्न खरं तर मी विचारू नये. माझं आयुष्य कविता शिकण्यात आणि शिकवण्यात गेलं आहे, आणि तुटपुंज्या आशयावर दीर्घकाळ रमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण त्यांच्यापाशी निदान यमक तरी असे.

ह्यांच्या पथकात दोन चुलतभाऊ. धाकटा निपाणीचा. त्याचं शेतीपंपांचं दुकान आहे आणि आवाजही पंपाचाच, एकदा सुरू झाला की विहीर आटेपर्यंत चालणारा. तो कप्तान. मधला बोरगावचा, शाळेत मास्तर, कमालीचा मितभाषी. खेळात तो एका दगडाआड बसून राही, म्हणून शेवटपर्यंत जिवंत असे, आणि ह्याला बाकीचे दोघे डावपेच म्हणत. आमचे हे तिघांत थोरले. संध्याकाळी, देवापुढे दिवा लावायच्या सुमारास, तिघे आपापल्या घरी कानांवर हेडफोन चढवत आणि तीन गावांतून एकमेकांवर ओरडत. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. आमच्या भिंतीपलीकडे माग चालतात आणि त्यांचा खडखडाट मला कधी जाचला नाही, कारण त्यातून शेवटी साडी निघते. भिंतीअलीकडच्या ह्या खडखडाटातून काय निघत होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

अशा खेळात माणूस चालवायला चार बटणं नेमून दिलेली असतात. डब्ल्यू म्हणजे पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे. जगभरची पोरंसोरं डाव्या हाताची तीन बोटं त्या चौकडीवर ठेवतात, उजव्या हातात माउस धरून नेम साधतात, आणि त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. आमच्या ह्यांना वाटलं.

एका संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. एखाद्या घराण्याची मोडलेली सोयरीक जाहीर करावी तशा आवाजात म्हणाले, "मी सगळी बटणं बदलतोय."

"कसली?"

"खेळातली. सेटिंगमध्ये सोय आहे. कुठलं काम कुठल्या बटणावर, ते आपण ठरवायचं. आत्तापर्यंत मी दुसऱ्यानं ठरवलेल्या बटणांवर खेळत होतो."

"आणि आता स्वतः ठरवलेल्या बटणांवर मरणार," मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं नाही. खोलीतून त्यांचं शरीर बाहेर आलं होतं, कान अजून बेटावरच होते.

ह्या निर्णयामागे एक जुनी दीक्षा होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तरुणपणी बेळगावातल्या एका बोळातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हे शिकले. काळ्या लोखंडी यंत्रांची रांग, फितीच्या शाईचा तुरट वास, तेल, घाम, आणि सगळ्यांच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण, म्हणजे बोटांकडे बघायची सोयच नाही. बघितलं की मास्तरांची पट्टी. डाव्या हाताची चार बोटं ए-एस-डी-एफवर, उजव्याची जे-के-एल आणि अर्धविरामावर; ही त्यांची घरं. बोट कामासाठी वरच्या ओळीत गेलं, खालच्या ओळीत गेलं, तरी काम उरकून घरी परतलं पाहिजे. डब्ल्यू डाव्या अनामिकेचं. मधल्या बोटानं त्याला शिवणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात हात घालणं. ह्या शिस्तीवर त्यांनी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली, मग नोकरी टिकवायला कन्नडची दिली, आणि सरकारी कचेरीत उभी हयात त्या दोन भाषांतली पत्रं बडवली. घरी आल्यावर तिसरी भाषा माझी. माझी प्रत्येक कविता त्यांच्या बोटांतून गेली आहे, अर्थाला कुठेही धक्का न लागता, कारण अर्थाकडे त्यांचं लक्षच नसे. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता मी नुसत्या आवाजावरून सांगू शके की आता हे खालच्या ओळीत उतरले, आता अंगठा आडव्या पट्टीवर पडला, आता कडवं संपलं. पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखा तो आवाज, सगळीकडे सारखा पसरलेला. त्या आवाजाला मी कधी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवण्यासारखं बाकी पुष्कळ होतं.

तर ह्या माणसाला कोणीतरी सांगत होतं की तीन बोटं पुरेत, उरलेली सात बसवून ठेव. त्यांच्या दृष्टीनं तो अधर्म होता.

त्यांनी नवी घटना लिहिली. पुढे जाणं एफवर, मागे येणं डीवर, डावीकडे वळणं एसवर, आणि उजवीकडे वळणं डाव्या करंगळीखालच्या एवर.

"उजवीकडे जायला सगळ्यात डावं बोट?" मी विचारलं.

"उजवीकडे क्वचितच जावं लागतं," ते म्हणाले.

माउस त्यांनी हद्दपार केला. नेमही बटणांवर नेता येतो असं त्यांना सेटिंगच्या कुठल्याशा तळघरात सापडलं होतं. मग जेनं बंदूक डावीकडे फिरे, एलनं उजवीकडे, केनं गोळी सुटे, आणि अर्धविरामावर जखमेची मलमपट्टी. अर्धविरामावर मलमपट्टी ठेवणारा माणूस मला कवी वाटला असता, जर त्यानं ते जाणून केलं असतं. पण त्यांचं म्हणणं एवढंच की उजव्या करंगळीला रिकामं ठेवणं बरं नव्हे.

मग पाठांतर. मी जेवणाची पानं घेत असताना हे टेबलाशी डोळे मिटून बसत आणि मला हुकूम द्यायला लावत. ज्या तोंडानं मी वर्गात वृत्तं समजावली, त्या तोंडानं मी म्हणायचं, "झेंडा उचला." बोट खाली. "बाँब." डावी तर्जनी एक घर आत सरकली. "बरोबर?" "मला काय ठाऊक, बरोबर का चूक!" "अगं, जी. बाँब जीवर." थोड्याच दिवसांत मलाही ते सगळं पाठ झालं, आणि त्याचा मला जितका संताप आला तितका दुसऱ्या कशाचा आला नसेल. कधी काळी कंठात बसलेली श्लोकांची एखादी ओळ ऐनवेळी दगा देते, पण "खाली वाका, व्ही" हे मात्र भाजी निवडताना आपसूक ओठांवर येतं. स्मृतीला अभिरुची नसते.

ह्या नव्या राज्यघटनेचा परिणाम असा झाला की पूर्वी हे लवकर मरत, आता ताबडतोब मरू लागले. शत्रू उजवीकडून आला की ह्यांची करंगळी जागी होऊन एवर पडेपर्यंत सगळं आटोपलेलं असे. त्यात पथकाला निरोप लिहायची एक चौकट होती. इतर लोक तिथं दोन अक्षरं टाकून पळत. हे उभे राहून, सगळी विरामचिन्हं सांभाळून लिहीत, "आपण डावीकडून यावे, ही विनंती." विनंतीतला वेलांटीचा फटकारा पुरा होण्याआधीच त्यांना कोणीतरी पाठीत गोळी घातलेली असे.

कप्तानाचा फोन येई. मोबाइल स्पीकरवर.

"अण्णा, तुमी मरायलाच येताय काय बेटावर?"

"मांडणी नवी आहे. हाताला बसायला वेळ लागतो."

"कसली मांडणी? रुखवत मांडलाय काय? चार बटणं हाईत, दाबायची. बारकी पोरं दाबत्यात."

"चुकीच्या बोटांनी दाबतात."

"आरं देवा! वैनी हाईत काय तिथं? वैनी, तुमी तरी सांगा की. गोळी घालणारा बोटं बघून घालतो काय?"

"मी कशाला सांगू, भावजी," मी आतून म्हटलं. "दोन्हीकडचे शहाणे मला सारखेच."

ते हसले. दिराच्या हसण्यात वहिनीच्या बोलण्याची कदर असते, असा एक समज आहे. कदर नसते, पुढचं वाक्य न ऐकण्याची सोय असते.

त्यानंतर निपाणीची जत्रा जवळ आली, आणि तिच्याबरोबर खरा पेच. जत्रेच्या दुपारी जेवणं उरकली की कप्तानाच्या घरातून, तिघांनी एकत्र बसून, त्याच्या कागलच्या मेहुण्यांच्या पथकाशी सामना खेळायचा असं ठरलं. मेहुण्यांना हरवणं हा आमच्याकडचा जुना धार्मिक विधी आहे, फक्त साधनं बदलत जातात. पण यंदा जत्रेला कप्तानाचे नवे जावईही येणार होते. लग्नानंतरची पहिली जत्रा. जावयाला पाटावर बसवतात, टॉवेल-टोपी देतात, आणि तो असले खेळ उत्तम खेळतो असं कळल्यावर त्याला भिंतीला टेकवून ठेवणं हा मानाचा प्रश्न झाला. पथक तिघांचं. दगडाआडच्या मास्तरांना कोणी काढू शकत नव्हतं, कारण ते कधी मरतच नसत. राहिले आमचे हे.

"अण्णा, तुमी थोरले," फोनवरचा पंप त्या दिवशी जरा हळू चालत होता. "तुमाला काढायचं मला बरं वाटत न्हाय. पर त्या दिवशी चार बटणावर खेळायचं. जमत नसंल तर जावईबापू बसतील. मग वाईट वाटून घ्यायचं न्हाय."

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. ते त्या पथकातून गेले असते तर काय उरलं असतं, ते मला दिसत होतं. कचेरीतल्या कोणाचाही फोन येत नव्हता. माझ्याशी बोलायला त्यांच्यापाशी विषय नव्हता आणि माझ्यापाशी सहनशीलता. त्या ओरडणाऱ्या आवाजांत रोज थोडा वेळ कोणीतरी त्यांना "अण्णा, हिकडं या, अण्णा, मागं बघा" म्हणत होतं. तेवढंच होतं, आणि ते क्षुद्र होतं, आणि ते त्यांना हवं होतं.

मग त्यांना युक्ती सुचली.

टायपिंगच्या परीक्षेला त्या काळी आपापलं यंत्र घेऊन जावं लागे. परीक्षेच्या दिवशी इन्स्टिट्यूटची यंत्रं हातगाडीवर लादून केंद्रावर नेत, आणि आपलं यंत्र दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून हे त्याच्यावर हात ठेवून गाडीशेजारून चालत गेले होते. यंत्र आपलं तर अक्षरं आपल्या सवयीची, दांडे आपल्या जोराचे. ही हकीकत मी लग्नापासून ऐकत आले आहे. तिच्यातून त्यांनी आता निष्कर्ष काढला. निपाणीला आपला कीबोर्ड न्यायचा. ह्याच कीबोर्डवर सगळं बसवलेलं आहे. तिथल्या संगणकाला जोडला की झालं. कप्तानाची मांडणी कप्तानाच्या कीबोर्डवर सुखरूप राहील, आपली आपल्या. कोणाचं काही मोडणार नाही. कप्तानाला दाखवून द्यायचं, ठार करून दाखवायचं.

मला त्यात खोट दिसली नाही, हेही लिहून ठेवते. विणकाम सुयांवर असतं, हार्मोनियमचे सूर हार्मोनियममध्येच असतात. बटणं ज्यात आहेत त्यातच त्यांचा अर्थ असणार, असं मला वाटलं. ज्या विषयाचा आपण तिरस्कार करतो त्याची माहिती काढायची नसते, हा माझा नियम होता.

जत्रेच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. मागच्या सीटवर केळ्यांचा घड, जाऊबाईंसाठी घेतलेली इरकल साडी आणि पेढ्यांचे डबे. कीबोर्ड माझ्या मांडीवर, स्वच्छ पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेला. वायर आत दुमडून ठेवली होती, लहान मुलाचा पाय दुपट्यात घालावा तशी. रस्त्याला कुठे खाचखळगा आला की टॉवेलाआडून बटणं बारीक कुरकुरत. संकेश्वराजवळ वाळत घातलेल्या मिरचीचा तिखट लाल वास काचेतून आत आला आणि मी शिंकले.

"हळू," हे म्हणाले.

"शिंक हळू कशी द्यायची?"

"त्याच्यावर देऊ नकोस म्हणतो मी."

निपाणीत शिरताना मिरचीची जागा तंबाखूनं घेतली. कोरडा, किंचित गोडसर, घशाच्या आतल्या बाजूनं नख फिरवणारा वास. कप्तानाच्या दारात त्यावर मटणाच्या रश्शाची फोडणी चढली होती. माडीवर तीन संगणक मांडून झाले होते. एक कप्तानाचा, एक पंपांच्या दुकानातला, आणि बोरगावच्या मास्तरांनी आणलेला लॅपटॉप. जेवणं झाली. जावयांना आग्रह झाला, त्यांनी नाही म्हटलं, पुन्हा आग्रह झाला, त्यांनी पुन्हा खाल्लं. मग पुरुषमंडळी तोंडात पान घालून वर गेली, आणि ताकाचे पेले घेऊन जाऊबाईंनी मला वर पाठवलं.

मी दारात पोचले तेव्हा हे दुकानातल्या संगणकासमोर टॉवेल सोडत होते.

"काय अण्णा, बाळ आणलंय काय टॉवेलात?" कप्तान म्हणाले.

"कीबोर्ड आहे. माझा."

"का? आमच्याकडं न्हाय व्हय? आम्ही काय दगडानं बिलं करतो?"

"ह्याच्यात माझी मांडणी आहे. तुझ्या सेटिंगला हात लावत नाही. माझा जोडतो, खेळ झाला की काढतो."

त्यांनी जुना, तेलकट, अक्षरं पुसट झालेला कीबोर्ड बाजूला सारला आणि आपला जोडला. दहा बोटं घरी ठेवली. पाठ ताठ, मनगटं उचललेली, नजर समोर. टायपिंगच्या मास्तरांनी पट्टी खाली ठेवली असती. बेटावरचा त्यांचा माणूस छावणीत उभा होता, पाठीमागे समुद्र. सरावासाठी ह्यांनी त्याला डावीकडे वळवायला एस दाबला. माणूस मागे चालत गेला. त्यांनी जोरानं दाबला. माणूस आणखी मागे गेला, वाळू संपली, गुडघ्याएवढं पाणी, मग कमरेएवढं. त्यांनी एफ दाबला. माणूस पाण्यात उभ्या उभ्या वाकला, काहीतरी उचलायला गेल्यासारखा, आणि रिकाम्या हातांनी सरळ झाला. अर्धविरामावर काहीच झालं नाही.



जावई पुढे वाकले. फार सभ्य आवाज. "अण्णा, सेटिंग कीबोर्डमध्ये नसतं. कॉम्प्युटरमध्ये असतं. तुमचं ते बेळगावलाच राहिलं, घरी."

"घरी?"

"हो ना. कीबोर्ड नुसती बटणं."

कप्तानाच्या तोंडातलं पान हसण्यानं बाहेर यायचं राहिलं. "म्हंजे अण्णा, तुमी कपाट आणलं हितवर आणि कापडं ठेवलीत घरी!"

मास्तरही हसले. जे मास्तर दगडाआडून कधी बाहेर येत नसत, ते हसायला आले.

"बदलतो आत्ता," हे म्हणाले. "थोडा वेळ लागेल, सगळं पाठ आहे."

"न्हाय न्हाय. ही दुकानची मशीन, माझी सेटिंग हाय तिच्यात. मोडली की मला घावायची न्हाय. आन् कागलवाले कवाचे बेटावर येऊन थांबलेत, वाट बघायलेत. बोलल्याप्रमाणं चार बटणावर बसा, न्हाईतर उठा, जावईबापू बसतील. लई सोपं हाय."

"नाही, अण्णाच बसू देत," जावई म्हणाले. म्हणताना त्यांनी शर्टाच्या बाह्या मात्र वर सारल्या होत्या.

ह्यांनी दाराकडे पाहिलं. माझ्या हातात ताकाचं तबक होतं, पेल्यांवर थेंब धरले होते आणि त्यातला एक माझ्या अंगठ्यावर उतरत होता. मला त्या क्षणी काय हवं होतं, ते स्वच्छ सांगते. ते उठावेत. टॉवेल घ्यावा, कीबोर्ड गुंडाळावा, जावयांना खुर्ची दाखवावी आणि खाली येऊन बाजेवर पेपर वाचत बसावं. इतके महिने मी त्या हट्टाची खिल्ली उडवली होती, पण तो त्यांच्या अंगावर एकमेव वस्त्रासारखा होता. त्यांनी तो तिथं, पान खाणाऱ्या लोकांदेखत, उतरवू नये असं मला वाटलं. नजरेनं जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं असावं. कदाचित नेहमीसारखीच दिसले असेन.

त्यांनी माउस उचलला.

दुसऱ्या हाताचं मधलं बोट डब्ल्यूवर गेलं, अनामिका एवर, तर्जनी डीवर. करंगळी कुठे ठेवावी ते तिला कळेना. ती थोडी हवेत राहिली आणि मग तळव्यात मिटली. उजवा हात त्या प्लास्टिकच्या ढेकळावर पालथा पडला. पाठीला बाक आला, आणि मान पुढे. त्यांनी खाली पाहिलं. बटणांकडे, उघड्या डोळ्यांनी. खरं सांगायचं तर मला दुसरीकडे बघावंसं वाटलं, कोणी परका माणूस आपल्यासमोर कपडे बदलतो तेव्हा बघावं तसं.

सामना मी सुरुवातीला बघितला नाही, ऐकला. "अण्णा, हिकडं या! अण्णा, मागं! अण्णा, दडा!" हे जात होते, वळत होते, दडत होते. वाईट खेळत होते, पण मरत नव्हते. दोन्ही बाजू बराच वेळ झेंड्याभोवती घुटमळल्या. आणि एकाएकी समोरचे तिघेही बेटावर पुतळ्यासारखे उभे राहिले. कोणी हलेना. कप्तान आधी घाबरले, त्यांना तो डावपेच वाटला. मग त्यांचा फोन वाजला. कागलला लाईट गेली होती. राज्य वेगळं, लाईट वेगळी. निपाणीचा पंखा मजेत फिरत होता. कप्तान सावकाश चालत, पुतळ्यांच्या मधून, जत्रेतल्या दुकानांत फिरावं तसे गेले, झेंडा उचलला आणि घेऊन आले.

इतका जयघोष मी त्या घरात लग्नातही ऐकला नव्हता. जाऊबाई जिन्यातून ओरडल्या, "काय झालं वो?"

"जिंकलो! तुझ्या माहेराला चारी मुंड्या चीत केलं!"

"लाईट गेली म्हणं त्यांची," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्याही हातात माहेरचा फोन होता.

"त्याला आम्ही काय करणार? लढाईत लाईट जात न्हाय व्हय?" आणि मग कप्तानानं ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं अण्णा! चार बटणात मावलं का न्हाय सगळं?"

हे हसले. नुसते हसले असते तर मी समजू शकले असते. ते खुलले. कानांच्या पाळ्यांपर्यंत खुलले.

परतीच्या वाटेवर कीबोर्ड मागच्या सीटवर होता, केळ्यांच्या रिकाम्या जागी, टॉवेल अर्धा सुटलेला. हे गाडी चालवत सामना पहिल्यापासून सांगत होते. मी तिथेच होते हे त्यांच्या लक्षात नव्हतं. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळली तेव्हा मी विचारलं, "आणि ती बोटांची घरं? मास्तरांची पट्टी?"

"अगं, ते टायपिंगला," ते म्हणाले. "हा खेळ आहे. खेळात कसले नियम घेऊन बसायचं?"

इतक्या सहज. मी महिनोन्‌महिने ज्या गोष्टीला हट्ट म्हणून हिणवलं, तिच्यामागे निदान निष्ठा आहे अशी माझी समजूत होती. निष्ठेला हसता येतं, तिच्याशी भांडता येतं. हा माणूस मात्र ती पाठीवरच्या एका थापेसाठी माडीवर ठेवून आला होता आणि त्याला हलकं वाटत होतं. दुःख झालं असतं तर मी त्यांची समजूत काढली असती, कदाचित वाईट तऱ्हेनं, पण काढली असती. सुखी माणसाचं काय करायचं असतं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कप्तानाचा फोन आला. जावई सुट्टी संपवून आपल्या गावी परतले होते. पथक तेच तिघांचं राहिलं. मी ओटा पुसत होते. स्पीकरमधून पंप चालू होता.

"अण्णा, बाँब जी वरनं काढा. क्यूवर घ्या. मास्तरांचाबी तिथंच हाय."

"व्हय."

"आन् वाकायचं सीवर."

"व्हय, व्हय. केलं."

"आन् ती चौकटीतली पत्रं बंद. तोंडानं बोला."

"व्हय. तू म्हणशील तसं."

ज्याच्या लग्नाची पत्रिका ह्यांनी एकही खाडाखोड न करता, दोन भाषांत टाइप केली होती, त्याला ते होकार देत होते, आणि प्रत्येक होकार आधीच्यापेक्षा लवकर येत होता. फोन संपल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहऱ्यावर पास झालेल्या उमेदवाराचा भाव.

"टिकलो बरं का," ते म्हणाले. "टीममध्ये."

"दिसतंय," मी म्हटलं.

काय दिसतंय, हे त्यांनी विचारलं नाही. हेडफोन गळ्यात होता, आणि आतून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.